अनामिकेचा शोध : ‘साइडट्रॅक्ड’ या दूरचित्रवाणीपटाविषयी

रहस्यकथा हा ईशज्ञानाच्या अभ्यासकाने गंभीरपणे हाताळावयाचा विषय आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात डोकावेल. मराठीत तरी या वाङ्मयप्रकाराच्या वाट्याला मान फारसा आला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे झुंजार आणि काळापहाड घरोघरी जाऊन पोचले. परंतु समीक्षकांनी त्यांना ओसरीवरच बसवून ठेवले, माजघरात घेतले नाही. स्वीडनमध्ये गोष्ट निराळी घडली. माय शोवाल आणि पेर वाले या लेखकद्वयाने १९६५ ते १९७५ या काळात पोलीसतपासाच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतून आपल्या सुखवस्तू, कल्याणकारी म्हणविणाऱ्या समाजाची झडती घेतली. खून कोणी केला हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. मात्र त्याच्या पाठीमागे दुसरा प्रश्न उभा केला, तो असा की असा खून जेथे घडू शकतो ते घर कोणाचे?

हेनिंग मांकेल (१९४८–२०१५) हा याच वाटेने चालणारा लेखक. त्याच्या कुर्ट वालांडर या पोलीस अधिकाऱ्याची पहिली कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली. या कादंबऱ्या म्हणजे स्वीडनच्या मनातील अस्वस्थतेच्या कथा होत, असे तो म्हणत असे. आयुष्याचा बराच काळ त्याने मोझांबिकमध्ये, मापुटो शहरातील एका नाट्यसंस्थेबरोबर काढला. त्यामुळे जगाच्या दक्षिणेकडील दारिद्र्य ही त्याच्या दृष्टीने ऐकीव वार्ता नव्हती. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

त्याच्या कादंबऱ्यांवर स्वीडनमध्ये रॉल्फ लासगोर्ड या नटास घेऊन १९९४ पासूनच चित्रणे झाली. इंग्रजी जगास मात्र वालांडर भेटला तो बी.बी.सी.च्या मालिकेतून. केनेथ ब्रॅना या नामवंत नटाने ही भूमिका २००८ ते २०१६ या काळात बारा चित्रपटांत केली. पैकी पहिला ‘साइडट्रॅक्ड’, ३० नोव्हेंबर २००८ रोजी दाखविला गेला. दीड तासाचा हा चित्रपट ‘विल्लोस्पोर’ (१९९५) या कादंबरीवर आधारलेला आहे. विल्लोस्पोर म्हणजे चुकीचा माग, भलतीकडे नेणारी पाऊलवाट. फिलिप मार्टिन हे दिग्दर्शक. चित्रण दक्षिण स्वीडनमधील ईस्टाड या कादंबरीतल्याच बंदरगावी झाले आहे. भिंतींवरील पाट्या आणि वर्तमानपत्रे स्वीडिश, परंतु सर्व माणसे इंग्रजी बोलतात. पहिली पाच मिनिटे हे खटकते. नंतर खटकत नाही.

कथेचा आरंभ असा. उन्हाळा आहे. सालोमनसन नावाचा एक वृद्ध शेतकरी पोलिसांस कळवितो की आपल्या शेतात एक अनोळखी मुलगी उभी आहे आणि तिचे वागणे विचित्र दिसते. शेत मोहरीच्या कुळातील एका तेलबियांच्या पिकाचे. आपल्याकडे करडई फुलावी तसे, पण छातीइतके उंच आणि दृष्टी पोचेल तेथवर पिवळे. वालांडर तेथे जातो, पिकात शिरतो, तिला हाक मारतो. तो जवळ जाऊ लागताच ती घाबरते, डब्यातील पेट्रोल अंगावर ओतते आणि पेटते. तिचा खून झालेला नाही; म्हणून पोलिसांच्या लेखी शोधण्याजोगा गुन्हेगारही नाही. लवकरच एका माजी न्यायमंत्र्याचा कुऱ्हाडीने खून होतो, मारेकरी त्याच्या डोक्याची केसांसह कातडी सोलून नेतो, पाठोपाठ कलावस्तूंचा एक धनाढ्य व्यापारी तसाच मारला जातो, आणि सारे पोलीसदल प्रतिष्ठितांच्या मारेकऱ्यामागे धावते. शेतातील मुलगी आडवाटेला पडते. पुढे उलगडते ते असे की हीच आडवाट मुख्य रस्ता होती. ज्या धनिकांच्या सुखासाठी परदेशांतून कोवळ्या मुली आणल्या जात, त्यांच्याच तावडीतून ती पळाली होती. शीर्षकाचा हा श्लेष लेखकाने जाणून बुजून ठेवला आहे. पोलीस चुकीच्या मागावर जातात, हे तर कोणत्याही रहस्यकथेत घडतेच. येथे त्यांचे लक्षच चुकीच्या प्रेताकडे गेले आहे.

आता चित्रपटाविषयी. त्यातील अग्निप्रसंग ज्याने एकदा पाहिला तो विसरणार नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. संगीताचा गोंगाट नाही, किंकाळ्यांचा अतिरेक नाही. पिवळा समुद्र, वर फिकट आकाश, मध्ये एक काळसर ठिपका, मग ज्वाळा. पाश्चात्त्य प्रेक्षकास हे दृश्य अविश्वसनीय वाटावे अशा रीतीने ते रचले आहे: इतक्या शांत, इतक्या सुबत्तेच्या देशात एखादी मुलगी जाळून घेईल हेच तेथे अघटित आहे. आपल्याकडे ते अघटित नाही, आणि मराठी प्रेक्षकाची पंचाईत येथून सुरू होते. ज्यांनी १९७० आणि १९८० या दशकांतील मराठी वृत्तपत्रे वाचली आहेत त्यांना ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ हे वाक्य पाठ आहे. आतल्या पानावरील चार ओळींची बातमी. त्या चार ओळींत सासरचे आडनाव असे, बहुधा तिचे स्वतःचे नावही असे, पण ते उद्या कोणाच्या ध्यानात राहणार नाही अशी खात्रीच जणू त्या मांडणीत असे. भारतीय दंडविधानात १९८३ साली ४९८-अ हे कलम आले, १९८६ साली हुंडाबळीविषयीचे ३०४-ब आले. बातमीचा मथळा थोडा बदलला. तेव्हा ईस्टाडजवळील शेतातील आग पाहून आपण दचकतो ते ती अनोळखी आहे म्हणून नव्हे. दारामागे विझविलेली आग कोणी उघड्यावर आणून ठेवावी, तसे होते.

चित्रपटाचे छायाचित्रणकार अँथनी डॉड मँटल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलियनेर’ या त्याच २००८ सालच्या चित्रपटासाठी त्यांना पुढे ऑस्कर पारितोषिक मिळाले, हे मराठी वाचकांस आठवत असेल. एकाच डोळ्याने जुहूच्या वस्तीतील चिखल आणि स्कोने प्रांतातील पीक ही दोन्ही पाहिली आहेत, आणि दोन्ही ठिकाणी त्या डोळ्याचा गुण आणि दोष एकच आहे. त्याला कुरूप काही दिसत नाही. मुलगी जळते ते दृश्य सुंदर आहे. आम्ही हा शब्द विचारपूर्वक वापरतो. प्रेक्षकाची नजर रंगावर खिळते, ज्वाळेच्या आकारावर खिळते, आणि त्या अवधीत ज्वाळेच्या आत कोण आहे हे विचारावयाचे राहून जाते. वधस्तंभाची चित्रे शतकानुशतके भिंतींवर टांगणाऱ्या आपल्या परंपरेने या मोहाविषयी इतरांना शहाणपण शिकवू नये, हे खरे. तरी मोह तो मोहच.

कादंबरीने हा प्रश्न विचारावयाचे राहू दिले नव्हते. किंबहुना तिचा आरंभ स्वीडनमध्ये होतच नाही. तो होतो डोमिनिकन प्रजासत्ताकात, १९७८ साली. पेद्रो सांताना नावाच्या एका गरीब माणसाची बायको बाळंतपणात दगावली आहे. हाती नवजात मुलगी. तिचा बाप्तिस्मा होतो, आणि नाव काय ठेवावयाचे असा प्रश्न येतो तेव्हा मृत आईचेच नाव तिला मिळते: दोलोरेस मारिया. स्पॅनिश भाषेत दोलोरेस म्हणजे दुःखे. मारियेच्या सप्तदुःखांवरून पडलेले हे नाव आहे. हा प्रसंग मोजक्या पानांत संपतो, आणि पान उलटताच आपण सोळा वर्षे पुढे, १९९४ च्या उन्हाळ्यात, ईस्टाडच्या पोलीस ठाण्यात येतो. तेथे विश्वचषक फुटबॉलवर पैजा लावणे चालू आहे. थोड्याच वेळात शेतातील ती मुलगी पेटते, तेव्हा वालांडरला ती कोण हे ठाऊक नसते. वाचकाला मात्र तिच्या जन्माची, तिच्या पाण्याची आणि तिच्या नावाची साक्ष आधीच मिळालेली असते, आणि ही अनोळखी मुलगी कोण असेल याचा सुगावा त्याला पोलिसांच्या कितीतरी आधी लागतो. तिच्या गळ्यात मारियेचे पदक सापडते, त्यावर डी. एम. एस. अशी अक्षरे. पोलिसांना ती तीन अक्षरे म्हणजे कोडे. वाचकाला ती तीन अक्षरे म्हणजे हंबरडा.

रहस्यकथेचा नेहमीचा नियम असा की वाचकाला गुन्हेगाराचे नाव शेवटपर्यंत कळू नये. मांकेलने नियम उलटा केला आणि बळीचे नाव प्रथम सांगितले. या एका युक्तीवर कादंबरीचे सारे नैतिक वजन तोलले आहे असे आम्हांस वाटते. चित्रपट थेट शेतापासून सुरू होतो. नव्वद मिनिटांत कॅरिबियन बेटावर जाऊन येणे परवडणार नाही हे आम्ही समजू शकतो. निर्मितीचा खर्चही असतो. परंतु किंमत मोजली गेली ती दुसऱ्याच कोणी. चित्रपटात तिची ओळख लागते ती तपासाच्या ओघात, दुवा म्हणून, पुढच्या दाराची किल्ली म्हणून. कादंबरीत ती प्रथम मुलगी आहे आणि नंतर पुरावा. पडद्यावर ती प्रथम ज्वाळा आहे, नंतर पुरावा, आणि मुलगी होण्यास तिला वेळ उरत नाही.

पवित्र शास्त्राच्या अभ्यासकांना येथे शास्ते या पुस्तकाचा अकरावा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. इफ्ताह नवस बोलतो, विजयी होऊन घरी येतो, दारातून नाचत बाहेर येते ती त्याची एकुलती एक कन्या. नवस फेडला जातो. बापाचे नाव आहे, शत्रूचे नाव आहे, नगरांची नावे आहेत. होमात गेलेल्या मुलीचे नाव नाही. फिलिस ट्रिबल या अमेरिकन विदुषीने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या आणि अशाच इतर शास्त्रकथांचे वाचन केले, तेव्हापासून पुष्कळ सेमिनरींतून हा अध्याय अवघड जागेच्या दुखण्यासारखा शिकविला जातो. त्या अध्यायाच्या अखेरीस एक लहानशी नोंद आहे, ती आमच्या मुद्द्यास जवळची: इस्राएलाच्या कन्या दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करावयास जात. नाव लेखकाने राखले नाही. स्मरण बायकांनी राखले.

आम्ही ज्या बाजारहत्नूर गावी असतो ते आदिलाबाद जिल्ह्यात आहे. निजामाच्या राज्यातून १९५६ साली आंध्र प्रदेशात गेलेला आणि २०१४ पासून तेलंगणात असलेला हा मुलूख. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि उर्दू एकाच तराजूवर तोलली जाते. भोवताली कापूस. येथील काही स्त्रिया आणि तरुण यांच्यासह आम्ही हा चित्रपट पाहिला. संवाद इंग्रजी, म्हणून मधून मधून थांबवून आशय सांगावा लागला. तरुणांनी कुऱ्हाडवाला कोण याविषयी अटकळी बांधल्या, आणि दोघांच्या बरोबर निघाल्या. स्त्रियांचे लक्ष निराळीकडे होते. चौथा खून होऊन गेला तरी त्यांच्यातील एक वृद्धा पहिल्याच प्रसंगात अडकून होती. ‘पण ती पोरगी कोनाची व्हती? तिच्या घरी कोनी कळवलं का नाही?’ असे तिने दोनदा विचारले. चित्रपटाच्या समीक्षेत याहून नेमका आक्षेप आमच्या वाचनात आलेला नाही.

प्रश्न तिच्या तोंडी सहज आला यास कारण आहे. या भागातून कामासाठी मुली बाहेर जातात: हैदराबादला, नागपूरला, कोणी कंत्राटदाराबरोबर, कोणी ओळखीच्या बाईच्या भरवशावर. बहुतेक सणाला परत येतात. एखादीचा फोन लागेनासा होतो. आपल्या पोलिसी मराठीत अशा शेवटासाठी दोन शब्दप्रयोग रूढ आहेत: ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ आणि ‘बेवारस प्रेत’. दुसरा शब्द आम्हांस नेहमीच चमत्कारिक वाटत आला आहे. वारस नसलेले ते बेवारस. म्हणजे माणूस जणू मागे ठेवलेल्या मालमत्तेसारखा, कोणी हक्क सांगावयास आला तर त्याचा. ज्या मुलीचे नाव कोठेतरी एखाद्या बाप्तिस्म्याच्या वहीत, शाळेच्या दाखल्यात, शिधापत्रिकेवर शाईने लिहिलेले आहे, ती कोणत्या अर्थाने बेवारस? मांकेलची कादंबरी या शब्दाविरुद्ध लिहिलेली आहे, जरी तो शब्द त्याने कधी ऐकला नसेल. शाई आणि प्रेत यांची गाठ घालून देणे हेच त्याच्या लेखी तपासाचे काम आहे. खुनी पकडणे हे त्याच्या पोटात येते.

आमचा प्रमुख आक्षेप मात्र प्रस्तावना गाळल्याबद्दल नाही, तर तिच्या जागी जे बसविले त्याबद्दल आहे. तेथे केनेथ ब्रॅना यांचा चेहरा बसविला आहे. चेहरा असामान्य आहे. वाढलेली दाढी, न झालेली झोप, खुर्चीतच लागलेला डोळा, सतत पाणावलेली नजर. मुलगी जळाली ती त्याच्या डोळ्यांदेखत, आणि पुढील सव्वा तास आपण त्या डोळ्यांत तिचे प्रतिबिंब पाहत राहतो. कॅमेरा त्याला सोडीतच नाही. म्हातारा चित्रकार बाप (डेव्हिड वॉर्नर यांनी तो फार संयमाने उभा केला आहे) जन्मभर एकच निसर्गदृश्य रंगवीत आला. कधी त्यात रानकोंबडा असतो, कधी नसतो. त्या बापलेकांच्या अबोल्याचे प्रसंग चित्रपटातील सर्वांत खरे प्रसंग होत. ते वगळले असते तर चित्रपट गरीब झाला असता. पण त्यांचा परिणाम असा की दुःखाचे केंद्र हळूहळू सरकते. मुलीने सोसले ते मागे पडते, पोलिसाने सोसले ते पुढे येते. मालिकेस २००९ साली ब्रिटिश अकादमीचे उत्कृष्ट नाट्यमालिकेचे पारितोषिक मिळाले, आणि ते या सोसण्याला मिळाले असे म्हणण्यास हरकत नाही.

ख्रिस्ती प्रेक्षक या ठिकाणी विशेष सहज भुलतो. दुसऱ्यांची दुःखे वाहणारा, रूप नसलेला, क्लेशांशी परिचित असा पुरुष पडद्यावर दिसला की यशयातील दुःखी सेवकाची आकृती आपल्या मनात आपोआप उभी राहते, आणि अशा चित्रपटावर प्रवचन तयार करणे ही मग दोन तासांची बाब. आम्ही अशा प्रवचनापासून सावध राहावे असे सुचवितो. यशयाचा सेवक वाहतो ते ओझे दुसऱ्याच्या पाठीवरून खरोखर उतरते. वालांडरच्या पाठीवर ओझे चढते, पण कोणाच्याही पाठीवरून ते उतरत नाही. मुलगी तर आधीच राख झाली आहे. त्याची वेदना खरी आहे. ती प्रायश्चित्त नाही. ती त्याच्या पेशाची जखम आहे, जशी डॉक्टराची असते, परिचारिकेची असते, आणि (आडून सांगावयाचे तर) पुष्कळशा धर्मगुरूंचीही असते. अशी जखम झालेल्या माणसाविषयी आदर बाळगावा. त्याला तारणारा समजू नये. खुद्द कादंबरीला हा भेद चांगला ठाऊक आहे. तेथील वालांडर रडतो कमी आणि दूरध्वनी जास्त करतो.

तारण करू पाहणारे पात्र या कथेत आहे, पण ते दुसरेच. येथे रहस्यभंग केल्यावाचून गत्यंतर नाही, तेव्हा ज्यांना चित्रपट प्रथम पाहावयाचा आहे त्यांनी पुढील दोन परिच्छेद वगळावेत. मारेकरी हा चौदा वर्षांचा मुलगा आहे, स्टेफान फ्रेडमन. त्याची बहीण त्याच बड्या माणसांच्या आणि स्वतःच्या बापाच्या पापाची बळी. ती रुग्णालयात आहे, मनाने कोसळलेली. मुलाने एक धर्म रचला आहे. तळघरात तो चेहरा रंगवितो, हत्यारे ओळीने मांडतो, ठरलेल्या क्रमाने मारतो, मारलेल्यांत त्याचा स्वतःचा बापही आहे. आणि प्रत्येक बळीची निशाणी बहिणीच्या खिडकीखाली पुरतो. रक्ताचे माप पुरे झाले की ती उठून बसेल, अशी त्याची श्रद्धा. हा भाग वाचताना आम्ही पुस्तक दोनदा खाली ठेवले. जेथील मंदिरांत रविवारी थोडीच माणसे दिसतात अशा समाजात एका मुलाने कोणाच्याही शिकवणीवाचून यज्ञसंस्था नव्याने शोधून काढली आहे: वेदी, अर्पण, क्रम, मध्यस्थी, सारे काही. बैलांचे आणि बकऱ्यांचे रक्त जेथे अपुरे पडते असे इब्री लोकांस पत्राचा लेखक सांगतो, तेथे हा मुलगा माणसांचे आणतो. तो दुष्ट नाही. त्याला बहीण हवी आहे. प्रौढ माणसांनी न्याय नावाची वस्तू त्याच्या घराच्या दारापर्यंत कधी आणलीच नाही. आणि ज्याचा पहिला खून झाला तो तर न्यायखात्याचाच मंत्री होता. दीड तासाच्या चित्रपटात या विधीला जागा थोडी मिळते, आणि जी मिळते ती भीती उत्पन्न करण्यासाठी. चमकते ती कुऱ्हाड. प्रार्थना ऐकू येत नाही.

याच जागी मांकेललाही आम्ही सूट देणार नाही. मुलगा जे सोंग घेतो ते अमेरिकेतील आदिवासी योद्ध्याचे. जेरोनिमोचे नाव त्याच्या मनात घोळते, चेहऱ्यावरील रंग आणि डोक्याची कातडी काढणे ही त्याच सोंगाची अंगे. युरोपीय बालवाङ्मयातून आलेली ही कल्पना असणार, आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ती असणे वास्तवास धरून आहे हे मान्य. परंतु लेखक तिच्याकडे बाहेरून पाहत नाही. क्रौर्याला आदिवासी मुखवटा शोभतो हे तोही गृहीत धरतो. अमेरिकेत आदिवासींच्या डोक्यांच्या कातडीवर गोऱ्या वसाहतींच्या सरकारांनी रोख इनामे लावली होती, या इतिहासाची एक ओळ कोठे आली असती तर अर्थच पालटला असता. आमच्याबरोबर चित्रपट पाहणाऱ्यांत गोंड तरुण होते. रंगविलेला चेहरा पडद्यावर आला तेव्हा ते हसले, आणि ते हसणे आनंदाचे नव्हते.

गोंडांचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. याच स्वीडनमधून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लूथरन मिशनरी आपल्या शेजारच्या छिंदवाड्याकडील मुलखात आले आणि त्यांनी गोंडांमध्ये काम केले. खानदेशातही स्वीडिश मिशनऱ्यांनी मंडळ्या स्थापिल्या. त्यांच्या वह्यांत नावे आहेत. गावाचे नाव, बापाचे नाव, पूर्वीचे नाव, नवे नाव. नवे नाव देण्याविषयी आज आपण पुष्कळ बोलतो आणि ते बोलणे आवश्यकही आहे. तथापि कोणाचे नाव लिहून ठेवण्याजोगे आहे याविषयी त्या माणसांस शंका नव्हती. शंभर वर्षांनी त्यांच्याच देशातील एक लेखक, जो मिशनरी नव्हता, पुस्तकाच्या आरंभी परदेशातील एका गरीब मुलीचे नामकरण लिहितो, आणि मग आपल्या देशाला विचारतो की ही तुमच्या शेतात जळाली तेव्हा तुम्ही काय करीत होता.

आपल्याकडील दूरचित्रवाणीवर तपासाच्या कथा पुष्कळ झाल्या. मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ ही मालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा साधेपणा आठवेल. बासू चॅटर्जी यांनी १९९३ साली शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या कथांवरून केलेला ‘ब्योमकेश बक्षी’ तर अजूनही आवडीने पाहिला जातो. ब्योमकेश स्वतःस गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवितो. त्याच्या जगात सत्य सापडले की प्रकरण मिटते, तो घरी जाऊन चहा पितो, आणि आपणही समाधानाने उठतो. त्या समाधानास आम्ही हिणकस मानीत नाही. परंतु मांकेलच्या जगात सत्य सापडल्यावरही काही तरी उरते, आणि उरलेल्यास घेऊन कोठे जावे हे वालांडरला उमगत नाही. ब्रॅनांच्या चित्रपटाने हे उरलेपण पकडले आहे, हे त्याचे खरे यश. ते त्याने नायकाच्या खात्यावर जमा केले, एवढीच आमची तक्रार.

‘फायरवॉल’ या १९९८ च्या कादंबरीच्या आरंभी वालांडर माल्मो शहरी एका अंत्यविधीस जातो. पेटीत स्टेफान फ्रेडमन आहे. त्याने आत्महत्या केली. चार माणसे मारलेल्या मुलाच्या मातीला त्याला पकडणारा पोलीस हजर राहतो, मागच्या बाजूस बसतो आणि परत आपल्या गावी जातो. कथानकाच्या दृष्टीने या प्रसंगाची काही गरज नाही. पुढील गुन्ह्याशी त्याचा संबंधही नाही. स्वतंत्र दीड-दीड तासाच्या चित्रपटांत असे मागचे देणे पुढे ओढीत नेणे कठीण असते, आणि वाचणाऱ्याला पाहणाऱ्याहून थोडे अधिक मिळते ते अशाच जागी.

सेमिनरीच्या वर्गांत किंवा मंडळीतील प्रौढांच्या गटांत हा चित्रपट दाखवावा काय, असे आम्हांस विचारले गेले आहे. दाखवावा, मुलांना मात्र नको. दाखविण्यापूर्वी कादंबरीतील १९७८ चा तो पहिला प्रसंग कोणीतरी सावकाश, आपल्या भाषेत सांगावा. मग दिवे मालवावेत.